अरुंधती दिसते का?

(मंडळाच्या सभागृहात वैशाखातल्या संकष्टीला, चंद्रोदयापूर्वी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज संकष्टी. सभागृहातल्या निम्म्या लोकांचा उपास आहे आणि खालच्या स्वयंपाकघरातून मोदकांचा वास वर यायला लागलाय. अशा वेळी भाषण करायचं म्हणजे धाडसच. सचिवांनी स्पष्टच सांगितलं, "चंद्र उगवेपर्यंत लोकांना गुंतवून ठेवा. तुम्हाला आकाशाचा नाद आहे, तुम्हीच बोला." म्हणून उभे आहोत. 'आम्ही' म्हणतो, कारण हा नाद एकट्याचा नाही. आमच्या कॉलनीतले पाच-सहा जण आहोत, बहुतेक सगळे राज्य सरकारचे नोकर. महिन्यातून एखाद्या शनिवारी दुर्बीण आणि चहाचा थर्मास घेऊन शहराबाहेर जातो. आमच्यात खगोलशास्त्र शिकलेला एकही नाही. प्रस्तुत वक्ता तर इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला. पोटापाण्याचा उद्योग दिवे लावण्याचा आणि छंद अंधार शोधण्याचा! बोलण्यात हिंदी शब्द येतील, त्याबद्दल पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी क्षमा करावी. इथे तीन पिढ्या काढल्यावर एवढं चालायचंच.

सुरुवात चंद्रोदयाच्या वेळेपासून करू. भिंतीवरच्या कॅलेंडरात मोठ्या अक्षरात छापलेली वेळ मुंबईची असते. भोपाळ मुंबईच्या पूर्वेला साधारण साडेचार अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे चंद्र अठराएक मिनिटं आधी उगवायला हवा. पण आपण उत्तरेलाही आहोत, त्यामुळे चंद्र दक्षिणेकडे असेल तेव्हा हा फरक कमी होतो आणि उत्तरेकडे असेल तेव्हा वाढतो. या दिवसांत संकष्टीचा चंद्र बराच दक्षिणेला असतो. म्हणून आज फरक दहाएक मिनिटांचाच. मागच्या पिढीतल्या बायकांना हे गणित लागत नव्हतं. त्या गच्चीवर जाऊन बघायच्या. आता "कॅलेंडरात दहा बत्तीस दिलंय, झाला असेल" असं म्हणून ताटं वाढली जातात. चंद्र उगवला की नाही, हे इमारतींमुळे दिसतच नाही.

तरी संकष्टी आहे म्हणून बरं. आपल्या घरांत महिन्यातून एकदा का होईना, कुणीतरी वर बघतं. बाकीचं वर बघणं कधी थांबलं, ते आमच्याही लक्षात आलं नव्हतं.

आमचे आजोबा ग्वाल्हेरचे. १ नोव्हेंबर १९५६ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, भोपाळ राजधानी ठरली आणि ग्वाल्हेर, इंदूर, नागपूरकडची कितीतरी मराठी कारकून मंडळी फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर इकडे आली. इथे बसलेल्यांपैकी अनेकांची हीच कथा आहे, किंवा मग त्याच सुमाराला उभ्या राहिलेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सची. आजोबांना तात्या टोपे नगरात क्वार्टर मिळालं. पुढे अंगण, मागे अंगण. उन्हाळ्यात संध्याकाळी अंगणात पाणी मारायचं, खाटा टाकायच्या, आणि झोप लागेपर्यंत आजोबांची उजळणी चालायची. उत्तरेला सप्तर्षी, आग्नेयेकडून वर येणारा वृश्चिक, त्याच्या छातीतली तांबडी ज्येष्ठा. मग परीक्षा. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. "त्याच्याशेजारी अरुंधती दिसते का?" आम्हा भावंडांपैकी ज्याला दिसायची, त्याचे डोळे चांगले. न दिसणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गाजर! आम्हाला गाजर फारसं खावं लागलं नाही.

हे १९८७-८८चं भोपाळ. रस्त्यावर दिवे होते, पण ट्यूब आणि पिवळे बल्ब, तेही निम्मे गेलेले.

१९९७च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू आला. संध्याकाळी वायव्येला, टी. टी. नगरातल्या क्वार्टरांच्या छपरांवर, शेपटीसकट नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. दूधवाला सायकल थांबवून बघत होता. पुढे छत्तीसगड वेगळं झाल्यानंतरची वर्षं तुम्हाला आठवत असतील, दिग्विजयसिंहांच्या सरकारची शेवटची तीन वर्षं. बत्ती गुल! लोक चिडायचे, ते बरोबरच होतं. आम्ही तेव्हा पॉलिटेक्निकला होतो, परीक्षेचा अभ्यास मेणबत्तीवर केला. पण खरं सांगायचं तर तसं आकाश आम्ही नंतर या शहरातून कधी पाहिलं नाही. अवस-पुनवेचा हिशेब न ठेवताही कळायचा.

मग २०२४च्या ऑक्टोबरात आणखी एक धूमकेतू आला. नाव अवघड होतं, त्सुचिनशान-ॲटलस. कोजागरीनंतर चार-पाच दिवसांनी चंद्र उशिरा उगवायला लागला, तेव्हा आम्ही पश्चिमेकडे कॅमेरे रोखून अरेरा कॉलनीतल्या एका गच्चीवर उभे राहिलो. दुर्बिणीतून कापसाचा बोळा दिसला, नुसत्या डोळ्यांनी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी विदिशेच्या बाजूला हलाली धरणाकडे गेलो आणि तिथे शेपटी दिसली. हेल-बॉप मुळातच जास्त तेजस्वी होता, तेव्हा दोघांची तुलना पूर्ण बरोबरीची नाही. पण एकच धूमकेतू, एका दिवसाचं अंतर आणि चाळीसेक किलोमीटरचा रस्ता, एवढ्यात जो फरक पडला त्याला दुसरं कारण नाही.

आता ज्या प्रसंगामुळे आम्ही हे भाषण करायला तयार झालो, तो सांगतो. फाल्गुनात आमच्या भाचीचं लग्न होतं. नर्मदापुरम रोडवरचं मॅरेज गार्डन, हजार माणसं. सप्तपदी झाली, रात्रीचे साडेदहा वाजले होते. गुरुजींनी मुला-मुलीला मंडपाबाहेर आणलं आणि ईशान्येकडे हात करून म्हणाले, "ती बघा अरुंधती." गार्डनच्या चारी कोपऱ्यांत चार फ्लडलाइट, कमानीवर आभाळात गोल फिरणारा झोताचा दिवा, शेजारच्या गार्डनचा वेगळा. भाचीने आमच्याकडे वळून हळूच विचारलं, "मामा, कुठे?" आम्हालाही दिसत नव्हती. वसिष्ठ तेवढा कसाबसा दिसत होता. गुरुजींनी विचारलं, "दिसली का?" आणि ती बिचारी म्हणाली, "हो, दिसली." फोटो काढला गेला. अल्बममध्ये आहे तो, दोघं हसत वर बघताहेत.

गुरुजींची थट्टा नाही. उलट फाल्गुनात साडेदहाला अरुंधती त्या दिशेला खरोखरच असते. मार्गशीर्षात संध्याकाळी लग्न लागतं तेव्हा सप्तर्षी भोपाळच्या क्षितिजाला टेकलेले किंवा खालीच असतात, आणि तरी दाखवले जातात. तिथे दाखवणारा आणि बघणारा दोघंही श्रद्धेवर. पण इथे तारा जागेवर होता. आपण लावलेल्या दिव्यांनी तो पुसला.

ताऱ्यांच्या तेजाला 'प्रत' म्हणतात. आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. वसिष्ठ दुसऱ्या प्रतीच्या जवळपास, अरुंधती चौथ्या प्रतीची. चांगल्या अंधारात नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं, म्हणजे एका वेळी अडीच-तीन हजार तारे. मोठ्या शहराच्या मध्यभागी तिसऱ्या प्रतीलाच गाडी थांबते. शंभराच्या आत. म्हणून अरुंधती ही मोठी सोयीची खूण आहे. ती दिसली तर आकाश बरं, नाही दिसली तर बिघडलेलं. यंत्र लागत नाही.

हे फक्त भोपाळचं दुखणं नाही. २०१६मध्ये शास्त्रज्ञांनी साऱ्या जगाच्या रात्रीच्या आकाशाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात असं निघालं की जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसतच नाही. २०२३मध्ये दुसरा अभ्यास आला, तो आमच्यासारख्या हौशी लोकांनी बारा वर्षं केलेल्या नोंदींवरून. आकाशाचा उजेड सरासरी दर वर्षी जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढतोय. आठ वर्षांच्या आत दुप्पट! बँक एवढं व्याज देत नाही.

का वाढतोय, हे आमच्या धंद्यातलं आहे म्हणून जरा नीट सांगतो. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते. ५ जानेवारी २०१५ला केंद्राची पथदिव्यांची मोठी योजना सुरू झाली आणि देशभर सोडियम उतरवून एलईडी चढवले गेले. वीज वाचली, हे शंभर टक्के खरं. पण स्वस्तात भरपूर उजेड देणारे एलईडी बहुतेक निळसर पांढरे असतात. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. दिवसा आभाळ निळं दिसतं ते त्याच कारणाने. म्हणजे तेवढाच उजेड पिवळा असेल तर आकाश कमी उजळतं, पांढरा असेल तर जास्त. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे कूल डेलाइट, दवाखान्यासारखा पांढरा. ३००० म्हणजे पिवळसर, घरगुती. घराबाहेर लावायला ३००० किंवा त्याहून कमीचा घ्यावा. दुकानदार "पांढरा ज्यादा चमकता है" म्हणेल. तो त्याचं काम करतोय, तुम्ही आकडा बघा.

दुसरी गोष्ट दिव्याच्या तोंडाची. आपल्याला उजेड हवा असतो जमिनीवर. फ्लडलाइट खांबावर समोर तोंड करून बसवला की त्याचा बराच उजेड आडवा आणि वर जातो. आणि वीज वाचली म्हणून दिवे वाढले. पूर्वी जिथे एक परवडायचा, तिथे चार लागले. आम्हीही लावलेत. एका सरकारी इमारतीच्या दर्शनी भागावर खालून वर झोत मारणारे दिवे आमच्याच हातून बसले. साहेबांना इमारत "उठून" दिसायला हवी होती. इमारत उठली की नाही माहीत नाही, तिच्यावरचे तारे मात्र बसले.

२२ जुलै २००९ला आणखी एक गंमत झाली होती. त्या सकाळी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या भोपाळवरून गेला. पावसाळा, डोक्यावर ढग, सूर्य काही दिसला नाही. पण सव्वासहा वाजून गेल्यावर भर सकाळी अंधार झाला. अंगावर काटा आला. आणि तेवढ्यात आमच्या चौकातले आपोआप लागणारे दिवे भसकन लागले! जन्मात एकदा मिळणारा अंधार, तोही पुरता मिळाला नाही.

आता तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, अहो, मुली रात्री क्लासवरून येतात, चोऱ्या होतात, आणि तुम्हाला तारे सुचताहेत? प्रश्न बरोबर आहे. आम्ही दिवे बंद करा असं म्हणतच नाही. आमच्या कॉलनीतलं उदाहरण सांगतो. फाटकावर शंभर वॉटचा फ्लडलाइट होता, तोंड थेट समोरच्या काकूंच्या खिडकीत. काकू वर्षभर जाड पडदा लावून, उन्हाळ्यात पंख्याखाली उकडत झोपायच्या. त्यांनी तीन वेळा सांगितलं, सोसायटीने ऐकलं नाही. शेवटी आम्ही शिडी घेऊन चढलो, दिवा पूर्ण खाली वळवला, वर पत्र्याची झड लावली, आणि नंतर बल्बही बदलून निम्म्या वॉटचा पिवळा टाकला. पंधरा मिनिटांचं काम. आठवड्याने रात्रीचा चौकीदार म्हणाला, "साब, अब गेट पर खड़ा आदमी दिखता है." आधी त्या दिव्याच्या झगमगाटाने त्याचेच डोळे दिपायचे आणि खांबामागच्या काळोखात कोण उभं आहे ते कळायचं नाही. काकूंनी पडदा काढला. शेजारच्या कॉलनीत हाच प्रयोग करायला गेलो, तर त्यांनी आम्हाला शिडीसकट परत पाठवलं. तेही सांगायला हवं.

फायदा फक्त माणसांचा नाही. आपला मोठा तलाव भोज वेटलँड म्हणून २००२पासून रामसर यादीत आहे. हिवाळ्यात तिथे येणारे कितीतरी पक्षी रात्री प्रवास करतात. व्हीआयपी रोडवरची दिव्यांची माळ पाण्यात फार सुंदर दिसते. पाहुण्यांना आम्हीही तिथेच नेतो. पण पलीकडच्या किनाऱ्याला वनविहार आहे आणि तिथल्या प्राण्यांना दिवस कधी संपला हे कळण्याची गरज असते, एवढं मनात येतंच.

हे होऊ शकतं, याची उदाहरणं आपल्या जवळच आहेत. नागपूरच्या उत्तरेला, महाराष्ट्राच्या बाजूच्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेने 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता दिली. भारतातला पहिला. त्यासाठी तिथल्या वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले. गावं अंधारात गेली नाहीत. पेंचचं अर्धं रान आपल्या मध्य प्रदेशात आहे, आकाश तर तेच. त्याआधी, डिसेंबर २०२२मध्ये लडाखात हानले इथे वेधशाळेभोवतीचा मोठा प्रदेश असाच राखीव झाला.

आपल्या लोकांना आकाशाचं वावडं कधीच नव्हतं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून चालू आहे, देशातली हौशी आकाशनिरीक्षकांची सर्वांत जुनी संस्था. मुंबईचं खगोल मंडळ वर्षानुवर्षं लोकांना लोकलने वांगणीला नेऊन रात्रभर तारे दाखवतं. आणि आपल्या उज्जैनची सवाई जयसिंहांची वेधशाळा मोडकळीला आली होती, ती १९२३मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. गोविंद सदाशिव आपटे तिथे अधीक्षक होते. मुलांना महाकालला नेता, तसं तासभर तिथेही न्या.

आता गणपतीकडे येतो, कारण सचिव घड्याळ बघताहेत. चतुर्थीला आपण चंद्र बघत नाही. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, त्या दिवशी सप्तर्षींबरोबर अरुंधतीची पूजा होते. सुपाऱ्या मांडतो, नावं घेतो. त्याच भाद्रपदात अगस्त्याला अर्घ्य देण्याची जुनी चाल आहे. अगस्त्य उगवला की पावसाळा सरत आला, पाणी निवळायला लागलं. हा तारा व्याधाखालोखाल तेजस्वी. पुण्यात तो क्षितिजापासून एकोणीस अंश चढतो, आपल्याकडे जेमतेम चौदा. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश होतात. म्हणजे दीड मुठीच्या आतच त्याचा सगळा प्रवास. गणपतीच्या दिवसांत, उत्सव लवकर-उशिरा येतो त्याप्रमाणे, तो पहाटे साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान उगवतो. कुठे? नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं. भोपाळच्या मध्यातून बरोबर मंडीदीपच्या दिशेला. कारखाने, गोदामं, महामार्ग, सगळ्यांचा उजेड नेमका तिथे क्षितिजावर साचलेला. इतका तेजस्वी तारा, पण उगवल्यावर तासभर तो त्या उजेडातच बुडलेला असतो.

गौरींच्या दिवसांत चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो, पहाट काळोखी असते. ढग नसतील तर ज्येष्ठागौरी जेवतात त्या दिवशी पहाटे साडेचारला मंडळाच्या दारातून दोन-तीन गाड्या दक्षिणेला, मंडीदीप ओलांडून, ओबेदुल्लागंजच्या पुढे नेऊ. ज्यांना यायचं त्यांनी आमच्याकडे नाव द्यावं. गौरीचा स्वयंपाक असतो, माहीत आहे. सातला परत आणू.

आणि एक मागणी कार्यकारिणीकडे आहे. गेल्या वर्षी आपल्या मंडपावर आभाळात फिरणारा झोताचा दिवा होता. त्याच्या वर्गणीत आमचेही पैसे होते आणि जोडणीही आम्हीच करून दिली, तेव्हा दोष कुणाला देणार? या वर्षी तो नको. कमानीच्या माळा राहू द्या, आरास राहू द्या, त्याशिवाय गणपती कसला! फक्त सांस्कृतिक कार्यक्रम संपल्यावर बाहेरचे फ्लडलाइट मालवावेत. ती कळ दाबायची जबाबदारी आमची.

बोलायला अजून पुष्कळ आहे, पण चंद्र उगवायला पाऊण तास आहे आणि तेवढंच काळोखं आकाश आज आपल्या हाती आहे. या क्षणी सप्तर्षी उत्तरेला चांगले उंचावर आहेत, दांडी उजव्या हाताला. दांडीच्या टोकापासून दुसरा तारा वसिष्ठ. उन्हाळ्याची धूळ आहे, त्यामुळे खात्री देत नाही. आवारातले चारही दिवे पाच मिनिटांपूर्वी बंद करायला सांगितले आहेत. गच्चीवर गेल्यावर कुणीही मोबाइलचा टॉर्च लावायचा नाही. दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, डोळ्यांना सवय होऊ द्यायची. भाची आणि जावई आले आहेत, त्यांना पुढे राहू द्या. जिना अरुंद आहे, आधी आजी-आजोबा, मग मुलं. दिसली तर दिसली म्हणा, नाही दिसली तर नाही म्हणा. आम्ही वहीत तसंच लिहून ठेवणार आहोत.

चला.